अंधाऱ्या आकाशाचा जमाखर्च

अमावास्येच्या रात्री आकाश निरभ्र असेल, तर दोन ताऱ्यांमधली जागा काळीभोर दिसते. त्या जागी काहीच नाही, असा डोळ्यांचा निर्वाळा असतो. शास्त्रज्ञांनी मात्र गेल्या सुमारे साठ वर्षांत उपकरणांच्या साहाय्याने दाखवून दिले आहे की, त्या काळोखातूनही प्रकाश येत असतो. तो अतिशय मंद असतो. त्यातील ज्या भागाचे विवेचन येथे करावयाचे आहे, तो भाग तर डोळ्यांना दिसूच शकत नाही. कारण तो जंबुपार प्रकाश होय. आजच्या पाठ्यपुस्तकांत यालाच अतिनील प्रकाश असे म्हटले जाते.

या मंद प्रकाशाचे मोल मोठे आहे. विश्वातील असंख्य दीर्घिका कशा घडत गेल्या, त्यांमध्ये तारे कोणत्या काळी विपुल जन्मले आणि पुढे ही गती का व किती मंदावली, यासंबंधीचा पुरावा त्यात साठलेला आहे. परंतु हा पुरावा हाती यावयाचा, तर त्या प्रकाशात मिसळलेला इतर प्रकाश एकेक कलम करून वजा करावा लागतो. एखाद्या संस्थेच्या जमाखर्चाप्रमाणेच हे काम काटेकोरपणे करावे लागते, आणि आजमितीस या जमाखर्चाचा मेळ पुरता बसलेला नाही. तो का बसत नाही आणि तो बसविण्यासाठी कोणते मार्ग शोधण्यात आले, हा आधुनिक खगोलशास्त्रातील एक उद्बोधक विषय आहे. त्यात भारतीय शास्त्रज्ञांचा आणि पुण्यातील एका संस्थेचा वाटाही लक्षणीय आहे.

जांभळ्याच्या पलीकडे

सूर्यप्रकाश लोलकातून गेला की, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग दिसतात. प्रत्येक रंगाची तरंगलांबी वेगळी असते. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, तर तांबड्याची सुमारे ७०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १८०१ साली जर्मनीतील येना येथे योहान रिटर या शास्त्रज्ञाने सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद या रंगपट्ट्यात धरून पाहिला. हे रसायन प्रकाशाने काळे पडते. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ते सर्वांत लवकर काळे पडले. अशा रीतीने जंबुपार प्रकाशाचा शोध लागला.

हा प्रकाश कोण देतो, हे समजण्यासाठी लोहाराच्या भट्टीतील लोखंड आठवावे. तापत जाताना ते आधी तांबडे, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसते. वस्तू जितकी अधिक तापलेली, तितका तिचा प्रकाश कमी तरंगलांबीचा. ताऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे आणि त्याचा बराचसा प्रकाश डोळ्यांना दिसणारा आहे. सूर्याच्या दहा-वीस पट वस्तुमानाचे तारे मात्र वीस-तीस हजार अंशांपर्यंत तापलेले असतात, व त्यांचा बहुतेक प्रकाश जंबुपार असतो.

असे तारे आपले इंधन उधळपट्टीने जाळतात. सूर्याचे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षांचे मानले जाते. या प्रचंड ताऱ्यांचे आयुष्य मात्र एक-दोन कोटी वर्षांत, काहींचे त्याहूनही लवकर संपते. विश्वाच्या कालमानात हा काळ पापणी लवण्याइतकाच. म्हणून ज्या दीर्घिकेतून जंबुपार प्रकाश भरपूर येत असेल, तेथे तारे नुकतेच जन्मले आहेत, असे खात्रीने म्हणता येते. ग्रामपंचायतीच्या दप्तरात गावातील एकूण लोकसंख्या एका ठिकाणी असते आणि जन्माची नोंदवही दुसऱ्या ठिकाणी. दीर्घिकेचा तांबडा प्रकाश हा तिच्या एकूण लोकसंख्येसारखा आहे, तर जंबुपार प्रकाश ही तिची जन्मनोंदवही आहे.

एकेक दीर्घिका मोजण्याची मर्यादा

सूर्यासारख्या दहा हजार कोटींहून अधिक ताऱ्यांचा समूह म्हणजे आपली आकाशगंगा. तिच्यासारख्या लहानमोठ्या समूहांना दीर्घिका म्हणतात. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने जातो. तरीही दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश येथवर पोहोचण्यास कोट्यवधी वर्षे लागतात. त्यामुळे दूरची दीर्घिका आपणांस ती आज जशी आहे तशी न दिसता, प्रकाश निघाला त्या वेळी ती जशी होती तशी दिसते. जितके दूर पाहावे, तितका जुना काळ दिसतो. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. वेगवेगळ्या अंतरांवरील दीर्घिकांचा जंबुपार प्रकाश मोजला, तर वेगवेगळ्या काळांतील ताऱ्यांच्या जन्माचा आलेख काढता येतो.

हे काम दीर्घिका एकेक करून मोजून बरेच पुढे गेले आहे. हबल अवकाश दुर्बिणीने घेतलेले व २००४ साली प्रसिद्ध झालेले एक छायाचित्र या बाबतीत विख्यात आहे. पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या एकदशांश एवढ्याच रुंदीच्या आकाशाच्या तुकड्यात तिला सुमारे दहा हजार दीर्घिका आढळल्या. परंतु अशा मोजणीला एक अंगभूत मर्यादा आहे. ज्या दीर्घिका अतिशय लहान व मंद आहेत, त्या सुटून जातात. मोठ्या दीर्घिकांच्या कडेचा विरळ भागही मोजणीत येत नाही. नोंद करण्यास जे आले तेवढेच जन्म धरावेत आणि दूरच्या वाड्यावस्त्यांवरील जन्म वगळले जावेत, तसाच हा प्रकार होतो.

यावर उपाय एकच. एकेक दीर्घिका न शोधता, दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या सर्व दीर्घिकांचा मिळून जो प्रकाश आकाशभर पसरलेला आहे, त्याचीच एकत्रित बेरीज मोजावयाची. या पसरलेल्या प्रकाशाला पार्श्वप्रकाश म्हणतात. बेरीज मोजताना कोणीही सुटत नाही, हे या पद्धतीचे बळ आहे. परंतु बेरजेत परके कोण घुसले आहेत हेही बेरीज सांगत नाही, आणि हेच तिचे दौर्बल्य होय.

या ठिकाणी विश्वाच्या प्रसरणाचाही विचार करावा लागतो. प्रकाश वाटेत असताना विश्व फुगत असते व त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही ताणली जाते. या परिणामाला ताम्रसृती म्हणतात. विश्व दुप्पट होण्याच्या अवधीत १०० नॅनोमीटरचा प्रकाश २०० नॅनोमीटरचा होऊन पोहोचतो. शिवाय ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश हायड्रोजनचे अणू बहुधा गिळून टाकतात. या दोन्ही गोष्टींमुळे आज जंबुपार पट्ट्यात येऊन पोहोचणारा दीर्घिकांचा प्रकाश मुख्यतः गेल्या सुमारे १,००० कोटी वर्षांतील आहे. विश्वाच्या आयुष्याचा हा मोठा आणि घडामोडींचा कालखंड होय.

वातावरणाबाहेरची मोजणी

जमिनीवरून हे मापन अशक्य आहे. सुमारे ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वातावरणातील ओझोन व ऑक्सिजन अडवून धरतात. सजीवांच्या दृष्टीने ही गोष्ट हिताचीच आहे. खगोलशास्त्रज्ञांना मात्र त्यामुळे वातावरणाबाहेर जावे लागते. १९६० नंतरच्या दशकात अग्निबाणांतून लहान उपकरणे काही मिनिटांपुरती वर पाठवून अशा मोजण्यांस प्रारंभ झाला. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर गेलेल्या अपोलो-१७ यानातही जंबुपार वर्णपटमापक होता. चंद्राहून परत येताना त्याच्या साहाय्याने आकाशाच्या पार्श्वप्रकाशाच्या नोंदी घेण्यात आल्या.

या क्षेत्रातील सर्वांत विस्तृत सर्वेक्षण अमेरिकेच्या गॅलेक्स या उपग्रहाने केले. २८ एप्रिल २००३ रोजी सोडलेला हा उपग्रह २०१३ पर्यंत कार्यरत होता. त्यावरील दुर्बिणीच्या आरशाचा व्यास अवघा ५० सेंटिमीटर होता. परंतु तिचे दृष्टिक्षेत्र विस्तृत असल्याने तिने आकाशाच्या फार मोठ्या भागाचे जंबुपार नकाशे तयार केले. १३५ ते १७५ नॅनोमीटरचा दूरचा जंबुपार पट्टा आणि १७५ ते २८० नॅनोमीटरचा जवळचा जंबुपार पट्टा, असे तिचे दोन विभाग होते.

हा प्रकाश किती मंद आहे याची कल्पना एका उदाहरणाने येईल. प्रकाश सूक्ष्म कणांच्या रूपाने येतो. पूर्ण चंद्राकडून जमिनीवरील एक चौरस सेंटिमीटर जागेवर दर सेकंदाला दहा हजार कोटींच्या घरात दृश्य प्रकाशकण पडतात. चंद्राएवढ्याच आकाराच्या, पण रिकाम्या भासणाऱ्या आकाशाच्या तुकड्यातून अवकाशातील तेवढ्याच जागेवर येणारे दूरच्या जंबुपार पट्ट्यातील प्रकाशकण सेकंदाला जेमतेम पाच-दहा भरतात. आणि या पाच-दहांतील बहुसंख्य कण तर दीर्घिकांकडून आलेलेच नसतात.

वजाबाकीची कलमे

पहिले कलम खुद्द उपकरणाचे. प्रकाश नसतानाही संवेदक काही कणांची नोंद करतो. झाकण बंद ठेवून किंवा अन्य रीतीने ही खोटी नोंद मोजून ती वजा करावी लागते.

दुसरे कलम पृथ्वीच्या वातावरणाचे. वातावरणाच्या वरच्या विरळ थरांतील ऑक्सिजन व हायड्रोजनचे अणू स्वतःच मंद जंबुपार प्रकाश देतात. उपग्रह शेकडो किलोमीटर उंचीवर असला, तरी या दीप्तीतून तो पूर्णपणे सुटत नाही. ती रात्रभर सारखी नसते; मध्यरात्रीच्या सुमारास ती सर्वांत कमी असते. एकाच जागेच्या वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदी ताडून पाहिल्या की, तिचा वाटा वेगळा काढता येतो.

तिसरे कलम सूर्यमालेचे. ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीवरून सूर्याचा प्रकाश विखुरतो. याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. जवळच्या जंबुपार पट्ट्यात त्याचा वाटा बराच असतो. दूरच्या पट्ट्यात सूर्याचाच प्रकाश फार कमी असल्याने तो नगण्य ठरतो.

चौथे कलम ताऱ्यांचे. आकाशगंगेतील जे तारे नकाशावर ठिपक्यांसारखे दिसतात, त्यांच्या जागा वगळून उरलेल्या आकाशाचीच मोजणी केली जाते.

पाचवे कलम सर्वांत मोठे आणि सर्वांत त्रासदायक आहे. आकाशगंगेतील ताऱ्यांच्या दरम्यान धूळ आहे. तप्त ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश या धुळीवर पडतो व विखुरतो. मोटारीच्या दिव्यांचा झोत धुक्यात शिरला असता जसे धुकेच उजळते, तसे हे घडते. दाट धुळीच्या प्रदेशात आकाश अधिक उजळ असते. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, तिच्या ध्रुवांच्या दिशेला, ते कमी उजळ असते. सुदैवाने धुळीचा स्वतंत्र नकाशा उपलब्ध आहे. १९८३ साली अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांनी सोडलेल्या आयरास या उपग्रहाने अवरक्त प्रकाशात, म्हणजे धुळीच्या स्वतःच्या उष्णतेच्या प्रकाशात, जवळजवळ सारे आकाश पाहिले होते. जेथे धूळ अधिक तेथे जंबुपार प्रकाश किती अधिक, याचा आलेख काढला की, धूळ शून्य असती तर किती प्रकाश उरला असता याचा अंदाज करता येतो. हा उरलेला प्रकाश म्हणजे जमाखर्चाची शिल्लक.

शिल्लक अधिक का भरते?

ही शिल्लक दीर्घिकांचीच असली पाहिजे, अशी साहजिक अपेक्षा होती. परंतु दुर्बिणींनी मोजलेल्या दीर्घिकांच्या प्रकाशाची बेरीज करून पाहिली, तेव्हा ती शिलकीपेक्षा बरीच कमी भरली. ताळेबंदात जमेच्या बाजूला पैसे अधिक निघावेत आणि ते कोणी भरले हे सांगता येऊ नये, तशीच ही स्थिती आहे.

संशयाची पहिली सुई पृथ्वीच्या वातावरणाकडे आणि सूर्यमालेतील धुळीकडे वळली. यांपासून दूर गेल्याखेरीज या संशयाचे निराकरण होणार नव्हते. १९७७ साली सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जंबुपार वर्णपटमापक होते. सूर्यमालेच्या बाह्य भागातून त्यांनी घेतलेल्या नोंदींवरून बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील जयंत मूर्ती आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रिचर्ड हेन्री यांनी महत्त्वाचे निष्कर्ष काढले. या निष्कर्षांवर तज्ज्ञांत मतभेदही झाले. पुढे २००६ साली निघालेले न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले व आणखी दूर निघाले. त्यावरील ॲलिस या जंबुपार उपकरणाने, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नास पटींहून अधिक दूर असताना, पार्श्वप्रकाशाची मोजणी केली. तेथे पृथ्वीच्या वातावरणाचा प्रश्नच नव्हता आणि सूर्यमालेतील धूळही अत्यल्प होती. तरीही शिल्लक उरलीच.

याच यानावरील दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याचा अनुभव मात्र निराळा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दृश्य प्रकाशातील पार्श्वप्रकाश आणि ज्ञात दीर्घिकांची बेरीज यांचा मेळ मापनातील अनिश्चिततेच्या मर्यादेत बसतो. म्हणजे दृश्य प्रकाशाची वही जुळली. जंबुपार प्रकाशाची वही अद्याप जुळावयाची आहे. आकाशगंगेच्या धुळीचा किंवा तप्त वायूचा वाटा कमी धरला गेला आहे काय, की एखादा वेगळाच स्रोत अज्ञात राहिला आहे, याविषयी एकमत झालेले नाही. शिलकीचा खुलासा न होता ती दीर्घिकांच्या नावे जमा केली, तर ताऱ्यांच्या जन्माचा इतिहासच चुकीचा लिहिला जाईल. म्हणून शास्त्रज्ञ या कलमाबाबत घाई करीत नाहीत.

गावांच्या नकाशाची युक्ती

शिलकीचा वाद मिटण्याची वाट न पाहता दीर्घिकांचा खरा वाटा वेगळा काढण्याची एक युक्ती आहे. रात्री डोंगरमाथ्यावरून खाली पाहिले असता दूरच्या गावांच्या दिव्यांचा मिळून एक पुसट उजेड दिसतो. वर धुके असेल, तर तेही उजळलेले असते. त्यातले धुक्याचे किती आणि गावांचे किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. परंतु हाताशी गावांचा नकाशा असेल, तर नकाशात जेथे गावे दाट आहेत, तेथे उजेड थोडा अधिक आहे काय, हे पाहता येते. धुके गावांच्या नकाशाप्रमाणे पसरत नाही. म्हणून नकाशाशी जुळणारा जेवढा उजेड, तेवढा निश्चितपणे गावांचा.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील यी-कुआन च्यांग व ब्रीस मेनार आणि कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड शिमिनोविच यांनी ही युक्ती आकाशाला लावली व २०१९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रकाशाचा नकाशा होता गॅलेक्सचा. गावांचा नकाशा होता स्लोन सर्वेक्षणाचा. या सर्वेक्षणात लक्षावधी दीर्घिका व क्वेसार यांची अंतरे त्यांच्या वर्णपटांवरून निश्चित करण्यात आली आहेत. एका विशिष्ट अंतरावरील दीर्घिका आकाशात जेथे दाटीने आहेत, तेथे पार्श्वप्रकाश किंचित अधिक आढळला, तर तो अधिक प्रकाश त्या अंतरावरून, म्हणजेच त्या काळातून, आलेला असला पाहिजे. पृथ्वीच्या वातावरणाला किंवा आकाशगंगेच्या धुळीला दूरच्या दीर्घिकांच्या मांडणीची वार्ता नसते. त्यामुळे त्यांचा प्रकाश या तुलनेत आपोआप गळून पडतो. एकेक अंतर घेऊन हीच तुलना पुनःपुन्हा केली की, बेरजेत हरवलेला काळाचा क्रम परत मिळतो.

या रीतीने सुमारे १,००० कोटी वर्षांपर्यंत मागे जाता आले, आणि मिळालेले चित्र दीर्घिकांच्या प्रत्यक्ष मोजणीवरून काढलेल्या इतिहासाशी बव्हंशी जुळले. दोन स्वतंत्र वह्या एकमेकींस पुष्टी देतात, ही गोष्ट कोणत्याही हिशेबतपासनिसास समाधान देणारी आहे.

इतिहास काय सांगतो?

पिएरो मदाऊ आणि मार्क डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी २०१४ साली निरनिराळ्या सर्वेक्षणांचा एकत्रित आढावा घेतला. त्यानुसार विश्वाच्या जन्मानंतर ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग वाढत गेला व सुमारे ३५० कोटी वर्षांनी, म्हणजे आजपासून सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी, तो शिगेस पोहोचला. त्यानंतर त्याला उतरती कळा लागली. आज तारे जन्मण्याचा वेग त्या भरभराटीच्या काळाच्या सुमारे एकदशांश उरला आहे. आज दिसणाऱ्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानापैकी जवळजवळ निम्मे वस्तुमान सुमारे ९०० कोटी वर्षांपूर्वीच निर्माण झालेले होते. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे असल्याने, विश्वाचा बहर ओसरल्यानंतर बऱ्याच काळाने जन्मलेल्या ताऱ्यांत त्याची गणना होते.

हा उतार का लागला? तारे घडण्यासाठी थंड वायू लागतो. दीर्घिकांमधील हा साठा खर्च होत गेला, बाहेरून येणारा पुरवठा घटला, आणि स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांनी व दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रचंड कृष्णविवरांच्या परिसरातील ऊर्जेने बराच वायू तापवला वा बाहेर फेकला, अशी कारणे दिली जातात. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हाच दीर्घिकांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासातील कळीचा प्रश्न आहे, आणि जंबुपार प्रकाशाची नेमकी बेरीज त्यासाठीच हवी आहे.

येथे एक सावधगिरीही बाळगावी लागते. नवे तारे धुळीच्या ढगांतच जन्मतात आणि ती धूळ त्यांचा पुष्कळसा जंबुपार प्रकाश शोषून घेऊन तो अवरक्त प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकते. त्यामुळे जंबुपार वही एकटीच वाचून चालत नाही. अवरक्त वही शेजारी ठेवूनच खरी बेरीज करावी लागते.

पुणे, बंगळुरू आणि ॲस्ट्रोसॅट

भारताचा पहिला खगोलशास्त्रीय उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. सुमारे १,५१५ किलोग्रॅम वजनाचा हा उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतो. त्यावरील क्ष-किरण उपकरणांच्या निर्मितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. यूव्हीआयटी या जंबुपार दुर्बिणीच्या उभारणीत बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था अग्रेसर होती. भारतीय अंतराळ संशोधन संस्था, टाटा संस्था, कॅनडाची अंतराळ संस्था आणि पुण्याचे आंतरविश्वविद्यालयीन खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्र यांनी तिला साहाय्य केले. आयुका या संक्षिप्त नावाने परिचित असलेले हे पुण्याचे केंद्र १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाले.

यूव्हीआयटी म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या जोड दुर्बिणी होत. तिचे संवेदक प्रकाशकण एकेक करून मोजतात व त्यांची स्वतःची खोटी नोंद अत्यल्प असते. वजाबाकीच्या पहिल्याच कलमात ही दुर्बीण काटकसरी ठरली. शिवाय तिची चित्रे गॅलेक्सच्या चित्रांहून कितीतरी अधिक रेखीव आहेत. २०१८ मध्ये तिचा जवळच्या जंबुपार पट्ट्याचा विभाग बंद पडला. तथापि दूरच्या पट्ट्यातील निरीक्षणे त्यानंतरही चालू राहिली.

मंद पार्श्वभूमीचा लाभ काय असतो, हे २०२० साली स्पष्ट झाले. आयुकातील डॉ. कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने, ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक काळ घेतलेल्या निरीक्षणांच्या आधारे, ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिच्याकडून निघालेला सुमारे ६० नॅनोमीटरचा प्रखर जंबुपार प्रकाश ताणला जाऊन सुमारे १४५ नॅनोमीटरच्या रूपाने यूव्हीआयटीपर्यंत पोहोचला होता. हायड्रोजन ज्याला सहसा गिळतो, असाच हा प्रकाश होता. आकाराने कितीतरी मोठ्या असलेल्या हबल दुर्बिणीला तो टिपता आला नव्हता. कारण तिच्या संवेदकातील पार्श्वनोंद अधिक होती. या प्रकाशकणांची संख्या इतकी थोडी होती की, ते खरोखर त्या दीर्घिकेचेच आहेत, पार्श्वभूमीतील चढउतार नव्हेत, याची खात्री करून घेण्यात सुमारे दोन वर्षे गेली. निरीक्षण २८ तासांचे आणि पडताळणी दोन वर्षांची, हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या शोधाचे महत्त्व असे की, विश्वाच्या बाल्यावस्थेत सर्वत्र पसरलेल्या हायड्रोजनच्या अणूंचे विघटन अशाच प्रखर प्रकाशाने झाले, असे मानले जाते. तो प्रकाश दीर्घिकांबाहेर कसा निसटला असेल, याचा नमुना या दीर्घिकेच्या रूपाने हाती आला. पुढे २०२२ साली आसाममधील तेजपूर विद्यापीठ, आयुका व परदेशी संस्था यांतील संशोधकांनी याच दुर्बिणीच्या साहाय्याने अकरा दूरच्या बटू दीर्घिकांच्या कडेला अतिशय मंद जंबुपार प्रकाश आढळल्याचे प्रसिद्ध केले. या दीर्घिका बाहेरून वायू ओढून घेऊन कडेला नवे तारे घडवीत आहेत व अशा रीतीने वाढत आहेत, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. एकेक दीर्घिका मोजताना ज्या कडा सुटून जातात असे वर म्हटले आहे, त्यांतील काही अशा प्रकारे नोंदीत येऊ लागल्या आहेत.

२०२५ मध्ये ॲस्ट्रोसॅटच्या कार्यास दहा वर्षे पूर्ण झाली. त्याच्या संग्रहित नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवण्यात आल्या असून, त्यांचा वापर करू इच्छिणाऱ्या विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना साहाय्य करणारा कक्ष पुण्यात आयुकामध्ये आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही, स्वतःची दुर्बीण नसताना, अवकाशातून आलेल्या मूळ नोंदींवर काम करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे.

जंबुपार पार्श्वप्रकाशाचा ताळेबंद पुरा व्हावयाचा आहे. त्यासाठी अधिक मोठ्या आरशाच्या आणि अधिक विस्तृत दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणी लागतील, तसेच आकाशगंगेतील धुळीचे अधिक अचूक नकाशे लागतील. शिलकीचा खुलासा एखाद्या साध्या कारणाने होईल किंवा त्यातून काही नवेच हाती लागेल. तोवर ती रक्कम कोणाच्याही खाती जमा न करता वेगळी दाखवून ठेवणे, हाच या शास्त्राचा शिरस्ता आहे. ज्या प्रकाशाला निघून शेकडो कोटी वर्षे झाली, त्याच्या हिशेबाला आणखी काही वर्षे लागली, तर त्यात वावगे काही नाही; हिशेब मात्र खरा असला पाहिजे.